अठरा तासांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापला आहे.)



वर्धापनदिनाला येथे बोलण्याचा मान दरवर्षी कोणा विदुषीला मिळतो. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? माझा अभ्यास लोणच्याच्या बरणीपुरता." त्या म्हणाल्या, "लोणचे आम्हा सर्वांना येते. मुलीच्या पाठीसाठी तुम्ही अडीच वर्षे जे केलेत, ते सांगा. आमच्याही घरात मुली आहेत." विषय माझ्या एकटीचा नव्हे, म्हणून मी आधी मुलीची परवानगी मागितली. ती म्हणाली, "सांग. पण माझं नाव घ्यायचं नाही, आणि स्टेजवर रडायचं नाही." पहिली अट मी नक्की पाळीन. दुसरीबद्दल तुम्हीच सांभाळून घ्या.

गोष्ट 2021 च्या दिवाळीपासूनची. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. तिच्यासाठी ड्रेस शिवायला टाकला होता, तो आपल्याच शिवणवर्गाच्या बाईंकडे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, हिचा घेर एका बाजूने वर चढतो. मी दोनदा मापले. कापडात चूक नाही आणि माझ्या कात्रीतही नाही. एक खांदाही उंच वाटतो. जरा दाखवून घ्या कोणाला." मी हसण्यावारी नेले. टाळेबंदीची दीड वर्षे मुलगी पलंगावर लोळून मोबाइलवर शाळा शिकली होती. मला वाटले, पोक काढून बसायची सवय लागली आहे, दुसरे काय!

त्यानंतर आमच्या घरात एकच घोष सुरू झाला. जेवताना "सरळ बस", अभ्यासाला "सरळ बस", देवापुढे शुभंकरोति म्हणतानासुद्धा "सरळ बस". ती ताठ होई आणि पाच मिनिटांनी पुन्हा तशीच दिसे. मी चिडे. ती गप्प बसे. असे सहा महिने गेले. 2022 च्या मे महिन्यात उन्हाळ्यामुळे ती पातळ बनियनवर केर काढीत होती. खाली वाकली आणि मला मागून दिसले, की तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर वर उचललेली आहे. त्या दिवशी माझ्या हातातले ताट तसेच राहिले.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी पुण्याच्या अस्थितज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी मुलीला तळहात जुळवून, गुडघे न वाकविता पुढे वाकायला सांगितले. ही परीक्षा विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते. 1865 पासून ती चालत आली आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. मग क्ष-किरण चित्र काढले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरले, आणि मागून पाहिल्यास सरळ उभा दिसायला हवा तो कणा मला इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला दिसला.

या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात. दुखणे म्हणते खरी, पण या वयात ते बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसविते. कणा एका बाजूला वळतो, आणि नुसता वळत नाही तर धुण्याला पीळ द्यावा तसा थोडा पिळतोही. त्या पिळामुळे बरगड्या एका बाजूने वर येतात, खांदा उंच दिसतो, कमरेची एक बाजू सपाट आणि दुसरी खोल दिसते, आणि ड्रेसचा घेर वर चढतो. शिवणवर्गाच्या बाईंनी टेपने जे ओळखले, ते मी आई असून सहा महिने ओळखले नाही.

हा वळसा अंशांत मोजतात. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब या डॉक्टरांनी 1948 साली सांगितलेली मापाची रीत आजही जगभर वापरतात. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. दहा ते अठरा वर्षांच्या शंभर मुलांत दोघा-तिघांना तो असतो. बहुतेकांचा लहानसा असतो आणि त्यांना नजर ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मोठा वळसा मात्र मुलांपेक्षा मुलींत कितीतरी पटींनी जास्त आढळतो. माझ्या मुलीचा अठ्ठावीस अंश निघाला.

मी पहिला प्रश्न विचारला तो तुम्हीही विचारला असता. "डॉक्टर, मोबाइलमुळे झाले का? दप्तराच्या ओझ्याने झाले का?" ते म्हणाले, "नाही बाई. बसण्याने होत नाही, दप्तराने होत नाही, आणि 'सरळ बस' म्हटल्याने जातही नाही. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. पण या वयातल्या बहुतेक मुलांत नेमके कारण सापडत नाही." मुलगी शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. भगिनींनो, त्या नजरेत सहा महिन्यांचे सगळे "सरळ बस" होते.

मग डॉक्टरांनी विचारले, "पाळी सुरू झाली आहे का?" पाठीच्या दुखण्यात पाळीचा काय संबंध, असे मला वाटले. संबंध मोठा आहे. मुलीची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या वर्षभरात, आणि कण्याचा वळसाही त्या वाढीबरोबरच वाढण्याची भीती असते. पाळी आल्यावर साधारण दोन वर्षांत उंची थांबते. माझ्या मुलीची पाळी सुरू व्हायची होती. म्हणजे वाढीचा लोंढा अंगावर यायचा होता. हाडांची वाढ किती उरली आहे हे कमरेच्या हाडाच्या कडेवरूनही कळते. त्या खुणेला 1958 पासून रिसर यांचे नाव आहे. तिच्या कमरेच्या हाडावर ती खूण अजून उमटलीच नव्हती.

वाढ शिल्लक आहे आणि वळसा पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान आहे, अशा मुलाला ब्रेस देतात. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, कारण तेवढा वळसा वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो. ब्रेस म्हणजे काखेखालपासून कमरेखालपर्यंत अंगाला बसणारे कठीण प्लास्टिकचे कवच. आमच्या नातेवाइकांत त्याला 'पट्टा' म्हणत, सासूबाई 'साचा' म्हणत, आणि मुलीने त्याचे नाव ठेवले 'चिलखत'.

येथे एक गोष्ट नीट सांगते, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. ब्रेसने कणा सरळ होईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. मूल वाढत असताना वळसा वाढू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. दिवाळखोराची उधारी फिटली नाही तरी निदान वाढली नाही, यात समाधान मानतात ना, तसे हे. आणि हे काम तो अंगावर असेल तेव्हाच करतो. खुंटीवर असताना करीत नाही.

याची परीक्षा झालेली आहे. अमेरिका आणि कॅनडातील पंचवीस रुग्णालयांनी मिळून 242 मुलांचा अभ्यास केला आणि तो 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. वाढ संपेपर्यंत वळसा पन्नास अंशांच्या आत राहिला, तर उपचार यशस्वी असे त्यांनी ठरविले होते. ब्रेस वापरणाऱ्या शंभरांपैकी बहात्तर मुले यशस्वी झाली. ज्यांना नुसते नजरेखाली ठेवले त्यांच्यापैकी अठ्ठेचाळीस. ब्रेसचा उपयोग इतका स्पष्ट दिसू लागला, की हा अभ्यास मुदतीआधीच थांबविला गेला. म्हणजे ब्रेस न घालताही जवळजवळ निम्मी मुले निभावतात, हे खरेच आहे. पण आपले मूल त्या निम्म्यांत आहे की उरलेल्यांत, हे आधी कोण सांगणार?

त्या अभ्यासात ब्रेसमध्ये अंगाची ऊब टिपणारे लहानसे यंत्र बसविले होते, त्यामुळे कोणी किती तास तो खरोखर घातला हे कळले. जी मुले सरासरीने रोज तेरा तास किंवा अधिक घालीत, त्यांच्यात शंभरांतील नव्वदांहून अधिक यशस्वी झाली. तेव्हा प्रश्न प्लास्टिकचा कमी आणि तासांचा जास्त. आमच्या डॉक्टरांनी अठरा तास सांगितले: रात्रभर आणि शाळेत. आंघोळ, खेळ आणि व्यायाम यांसाठी सहा तास सुटी.

पूर्वीच्या मुलींच्या मानाने हे पुष्कळ सुसह्य आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे या शल्यवैद्याने लोखंडी चोळ्या बनविल्या होत्या. 1940 च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या मिलवॉकी ब्रेसला धातूच्या पट्ट्या आणि गळ्याभोवती कडे असे. तो कपड्यांतून लपत नसे. 1970 च्या दशकात बोस्टन येथे काखेखालचा ब्रेस तयार झाला आणि मान मोकळी झाली. हे सारे मी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे मी नशीबवान आहे असं म्हण की!" तेव्हापासून दुसऱ्यांच्या दुःखाची गोष्ट सांगून आपल्या मुलाचे सांत्वन करण्याची माझी सवय थोडी कमी झाली.

जून 2022 मध्ये ब्रेस आला. पहिल्या दिवशी दोन तास, मग चार, असे करीत दोन आठवड्यांत अठरावर जायचे होते. या दिवसांत मी जे शिकले ते, उद्या कोणाला गरज पडली तर, सांगून ठेवते. ब्रेसच्या आत नुसत्या अंगावर काही टोचता कामा नये. म्हणून अंगाबरोबर बसणारे पातळ सुती बनियन घालायचे, सुरकुती पडू द्यायची नाही, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. आमच्या सासूबाईंनी जुन्या मऊ धोतरांची अशी सहा बनियने हाताने शिवली. घामाने ती दिवसातून दोनदा बदलावी लागत. ब्रेसखालच्या त्वचेला तेल, मलम किंवा पावडर लावायची नाही. त्याने कातडी मऊ पडून सोलवटते. ब्रेस काढल्यावर दाबाच्या जागी लाली दिसते; ती अर्ध्या तासात गेली तर ठीक, टिकून राहिली किंवा फोड आला तर घरी उपाय न करता ब्रेस बनविणाऱ्यांना दाखवायचे. पोटाला जागा कमी, म्हणून जेवण थोडे थोडे आणि चारदा. मांडी घालून पंगतीत बसणे अवघड, म्हणून पाट-चौरंग सोडून खुर्ची. ड्रेस एक माप मोठा. आणि खेळ बंद करायचा नाही. माझी मुलगी खोखो खेळत असे, डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या, पाठीचे स्नायू बळकट राहिले पाहिजेत." मालिश, लेप, नवस यांचे सल्ले पुष्कळ आले. मालिशने बरे वाटते, पण वळसा थांबत नाही. ब्रेसच्या ऐवजी काहीही करायचे नाही, एवढे आम्ही ठरविले.

हे सगळे मी चोख केले. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी ब्रेसचे तास लिहू लागले. रोज रात्री विचारी, "किती झाले?" ती म्हणे, "अठरा." मी लिही: अठरा, अठरा, अठरा. महिन्याअखेरीस ते पान पाहून मला शाबासकी मिळाल्यासारखे वाटे.

आता जे सांगायचे ते सांगते. नोव्हेंबर 2022 मध्ये कराडला माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न होते. सगळे नातलग जमणार. निघण्याच्या आदल्या रात्री मी मुलीला म्हटले, "दोन दिवस ब्रेस राहू दे घरी." ती म्हणाली, "डॉक्टरांनी रोज सांगितलंय ना?" मी म्हणाले, "दोन दिवसांनी काही बिघडत नाही. आणि चारचौघांत कशाला प्रश्न? मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी काढायचं." ती काही बोलली नाही. लग्नात ती सुंदर दिसली, आणि कोणी काही विचारले नाही. मला वाटले, निभावले.

दोन दिवसांनी कण्याचे काही बिघडत नाही, हे खरे होते. बिघडले ते दुसरेच.

जानेवारी 2023 च्या पहिल्या आठवड्यात पुण्याला तपासणी होती. नव्या चित्रात वळसा चौतीस अंश निघाला. मापात चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो. पण हे सहा होते, आणि चित्रातही ते डोळ्यांना दिसत होते. मी दिनदर्शिकेची पाने बरोबर नेली होती, ती पुढे केली. डॉक्टरांनी पानांकडे पाहिले नाही. त्यांनी मुलीची कंबर पाहिली. जेथे दाबाची लाली दिसायला हवी, तेथे कातडी स्वच्छ होती. मग ते मला म्हणाले, "बाई, जरा बाहेर बसता का?"

त्या बाकावर मी दहा मिनिटे बसले असेन. आत बोलाविले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिने मला खरे सांगितले आहे, आणि तुम्हाला सांगण्याची परवानगीही दिली आहे. रागावणार नसाल तर सांगतो." दीड महिन्यापासून मुलगी शाळेत पोहोचल्यावर जिन्याखाली जाऊन ब्रेसचे पट्टे सैल करी, आणि घरी येण्यापूर्वी पुन्हा आवळी. सैल ब्रेस म्हणजे अंगावरचे नुसते ओझे. डॉक्टर असेही म्हणाले, की सगळे सहा अंश या सैल पट्ट्यांच्या माथी मारता येणार नाहीत. दिवाळीत पाळी सुरू झाली होती, वाढीचाही जोर होता. ते मला सावरीत होते, हे मला कळत होते.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघी गप्प होतो. खंबाटकीचा घाट चढताना मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तूच म्हणालीस ना, चारचौघांत कशाला प्रश्न. कराडला तर दोनच दिवस होते. शाळेत रोज चाळीस जणी असतात."

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आले नाही. तोपर्यंत तिच्या लेखी ब्रेस म्हणजे गैरसोय होती. घाम, खाज, कडक उशी. तो लपवायची वस्तू आहे, हे तिला ना मैत्रिणींनी शिकविले ना शेजारणींनी. ते मी शिकविले, एका वाक्यात, आणि तिने ते सहामाहीच्या अभ्यासापेक्षा नीट पाठ केले. दिनदर्शिकेवरचे अठरा आकडेही मीच मागितले होते. अठराखेरीज दुसरा आकडा ऐकायची माझी तयारी नव्हती, मग तिने दुसरा आकडा सांगावा कसा?

त्या रात्री मी पेन्सिल तिच्या हातात दिली. म्हटले, "आजपासून तू लिहायचं. अकरा झाले तर अकरा लिही. आकडा खरा असला तर मी रागावणार नाही. आणि ब्रेस कोणापासून लपवायचा नाही, कराडला सुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी नणंदेला फोन करून मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "अगं वहिनी, एवढंच ना? माझ्या जावेच्या भाचीला होता की पट्टा. तुम्ही बोलला असतात तर भेट घालून दिली असती." दोन महिने ज्या प्रश्नाची मला भीती होती, तो प्रश्न असा निघाला.

सासूबाईंना मात्र भीती होतीच. "पुढे लग्न, बाळंतपण कसं व्हायचं गं?" असे त्या रात्री विचारीत. पुढच्या खेपेला मी त्यांनाच पुण्याला नेले आणि प्रश्न त्यांच्या तोंडून विचारू दिला. डॉक्टरांनी सांगितले, की एवढ्या वळशामुळे संसाराला किंवा बाळंतपणाला सहसा काही अडथळा येत नाही. माझ्या तोंडून हे दहा वेळा ऐकूनही जे पटले नव्हते, ते त्यांना एका वेळेत पटले. घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेर ठेवून हा उपचार होत नाही. त्यांना एकदा बरोबर न्यावे.

त्याच संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होते. मुलगी ब्रेस घालून तिळगूळ वाटीत होती. एका काकूंनी प्रेमाने पाठीवर थाप मारली आणि टक्क असा आवाज झाला. काकू दचकल्या. मुलगी म्हणाली, "चिलखत आहे, काकू. वाजवून बघा." त्यांनी पुन्हा वाजविले, आणखी दोघींनी वाजविले, आणि घरभर हशा झाला. तुमच्यापैकी तिघी-चौघी त्यात होत्या. तुम्हाला ती थट्टा वाटली असेल. माझ्या मुलीने तेव्हा तुमच्याकडून काय घेतले, ते तुम्हाला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात तिने वर्गशिक्षिकेला विचारून फळ्यावर कण्याचे चित्र काढले आणि वर्गाला सगळे सांगितले. दोन दिवस चौकशा झाल्या. तिसऱ्या दिवसापासून कोणाला आठवणही राहिली नाही. जिन्याखालचे काम संपले.

यानंतर सारे गोड झाले असे मात्र समजू नका. तिने लिहिलेला पहिला खरा आठवडा असा होता: पंधरा, सोळा, बारा, सतरा, चौदा, पंधरा, नऊ. नऊ पाहून माझी जीभ चावली गेली, पण शब्द बाहेर पडू दिला नाही. तासाभराने तीच म्हणाली, "आज खूप घाम आला म्हणून काढला. उद्या संध्याकाळचे दोन तास वाढवते." खोट्या अठरापेक्षा खऱ्या नऊचा उपयोग होतो तो असा: त्याच्यापुढे काही करता येते. मे महिन्यात आम्ही तिची खाट पंख्याखाली हलविली, पहाटे थंड वेळी तास भरून काढले. जूनपर्यंत सरासरी सतरावर आली. एकदा तिने ब्रेस कोपऱ्यात फेकला आणि "मलाच का?" म्हणून रडली. मजपाशी उत्तर नव्हते. मी शेजारी बसले, आणि सासूबाईंनी काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरविला. तासाभराने तिने स्वतःच पट्टे आवळले. दर वेळी उत्तर देण्याची गरज नसते, हेही मी तेव्हा शिकले.

ऑगस्ट 2023 मध्ये पहिला ब्रेस लहान झाला. दुसऱ्याच्या खर्चाला माझी भिशी कामी आली. ती ज्या भगिनींनी आपली पाळी मागे घेऊन मला आधी दिली, त्यांचे उपकार मी आज जाहीरपणे मानते. दर सहा महिन्यांनी तपासणी होई. चौतीस, तेहतीस, चौतीस. नोव्हेंबर 2024 पासून फक्त रात्री, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये वाढ संपल्याचे पाहून डॉक्टरांनी ब्रेस बंद केला. शेवटचा आकडा तेहतीस. तिचा एक खांदा आजही किंचित उंच आहे आणि शिवणवर्गाच्या बाई अजूनही तिचा घेर एका बाजूने अर्धा इंच जास्त धरतात. शस्त्रक्रिया टळली. यापेक्षा मोठे यश मी मागितले नव्हते.

शेवटी आपणाला एकच विनंती. अमेरिकेतील अस्थितज्ज्ञांच्या संस्था सांगतात, की मुलींची पाठ दहाव्या आणि बाराव्या वर्षी, तसेच मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदा तपासावी. आपल्या शाळांत ही तपासणी होईल तेव्हा होवो. आपल्या घरात ती आज रात्री होऊ शकते. मुलीला पाय जुळवून उभी करा, तळहात जुळवून पुढे वाकायला सांगा, आणि मागे बसून पाठ दोन्ही बाजूंनी सारखी आहे का पाहा. एक बाजू वर दिसली तर घाबरू नका, पण डॉक्टरांकडे जायला सहा महिने लावू नका. आणि कोणा घरी ब्रेस आलाच, तर तास मोजण्याची पेन्सिल मुलाच्या हातात द्या आणि खरा आकडा ऐकायची आपली तयारी ठेवा. माझ्या घरात ही तयारी व्हायला सात महिने आणि सहा अंश लागले. तुमच्या घरात तेवढे लागू नयेत, म्हणून मी आज बोलायला उभी राहिले.

मुलगी मागच्या रांगेत बसली आहे, खुर्चीत नेहमीप्रमाणे वाकडी. मी तिला "सरळ बस" म्हणणार नाही.